बारा जणांचा रविवार

मी निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगा नवी मुंबईत असतो. त्याने आणि सुनेने आग्रहाने नेलं, मी पंधरा दिवस राहिलो आणि परत आलो. तिथे मला करण्यासारखं काही नव्हतं. इथेही नव्हतं, पण इथे ते कोणाला दिसत नव्हतं.

रत्नागिरीतलं आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे. समोर एका म्हाताऱ्या ख्रिस्ती गृहस्थांचं कौलारू घर आणि त्या घराला लागून जांभ्या दगडाचं लहानसं चर्च. हे गृहस्थ एके काळी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना केव्हाच बंद झाला, पण सगळी गल्ली त्यांना कंपाउंडर म्हणूनच ओळखायची. मी काका म्हणायचो. मूळचे नगरकडचे, पण इथे येऊन पंचावन्न वर्षं झालेली. त्यांचीही बायको गेलेली, एकुलती एक मुलगी पुण्यात. पस्तीस वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो, आणि त्या पस्तीस वर्षांत आमचं बोलणं पाणी आलं का आणि लाइट गेली का, याच्यापुढे फारसं गेलं नव्हतं.

बायको गेल्यावर सात-आठ महिन्यांनी, दिवाळी नुकतीच झाली होती, ते दुपारी चारच्या सुमाराला दारात आले. हातात एक कागद.

"भाऊसाहेब, एक काम होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"बसा तर खरं."

"आमच्याकडे एक माणूस कमी पडतोय," ते म्हणाले. "म्हणजे तसे तीन कमी आहेत. पण दोन मी भागवतो. एक तुम्ही घ्याल का?"

मला काही कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये दिवाळीनंतरच्या एका रविवारी एक कार्यक्रम होई. येशूचे बारा प्रेषित, म्हणजे त्याने निवडून घेतलेले बारा शिष्य. येशू गेल्यावर ते निरनिराळ्या देशांना गेले, आणि एखादा सोडला तर सगळे मारले गेले, असं परंपरा सांगते. त्या रविवारी बारा माणसं बाकांवर बसत. एकेकाने उभं राहायचं, मी अमुक, असं म्हणून आपलं आयुष्य आणि आपलं मरण सांगायचं आणि सरळ दाराबाहेर व्हरांड्यात निघून जायचं. असं करत करत चर्च रिकामं होई. शेवटी एकटा योहान आत उरे. योहान गेली चाळीस वर्षं काकाच होते. बाराही जणांची भाषणं त्यांनीच लिहिली होती, दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.

"काका, मी बौद्ध आहे," मी म्हटलं. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा माझे वडील शाळेत होते. आमच्या घरी याबद्दल कधी वाद नव्हता आणि मला तो नव्याने सुरू करायचा नव्हता.

"माहीत आहे की. तुम्हाला कुठे बाप्तिस्मा घ्यायला सांगतोय? फक्त वाचायचं. आणि अगदी सोपा माणूस काढलाय तुमच्यासाठी. चारच ओळी."

तो मत्थिया होता. बारांपैकी एकाने येशूला पकडून दिलं आणि मग जीव दिला. त्याची जागा रिकामी झाली. उरलेल्या अकरांनी दोन नावं काढली, चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मत्थियाची निघाली. एवढंच त्याच्याबद्दल ठाऊक. पुढे कोणी म्हणतं त्याला दगडांनी मारलं, कोणी म्हणतं कुऱ्हाडीने, कोणी म्हणतं म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला.

मी कागद परत देणार होतो, पण दिला नाही. माझे वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि अनुकंपा तत्त्वावर मला तिथे घेतलं. मी क्लार्क झालो, हेडक्लार्क झालो, पण पहिली काही वर्षं कचेरीतले लोक मला माझ्या नावाने हाक मारत नसत. 'त्याचा मुलगा' म्हणत. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसणं म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या रविवारी चर्चमध्ये मी धरून दहा माणसं होतो. पाद्री दुसऱ्या गावाहून महिन्यातून एकदा यायचे, ते प्रार्थना करून एका बाजूला बसले. काकांनी तीन प्रेषित घेतले होते. म्हणून ते पहिल्यांदा याकोब झाले. हा तलवारीने मारला गेला, बारांतला पहिला. ते सांगून काका पुढच्या दाराने बाहेर गेले आणि वळसा घालून मागच्या दाराने धापा टाकत पुन्हा आत आले. कोणी हसलं नाही. सगळ्यांना सवय असावी.

केरळची एक नर्स इथल्या एका खासगी रुग्णालयात होती. तिने थोमा सांगितला. थोमा समुद्रमार्गे तिच्या मुलखात उतरला आणि मद्रासजवळ भाला लागून मेला. तिचं मराठी अडखळत होतं, पण "माझ्या गावाजवळ" म्हणताना ती थांबली आणि मग पुढे गेली. गावातलीच एक ऐंशी वर्षांची आजी फिलिप्प झाली होती. तिला उभं राहवेना, तर बसूनच मोठ्या आवाजात म्हणाली, "मी फिलिप्प. माका टांगला आणि मारला. आता मी भायेर जातंय." आणि दोघींनी धरून तिला बाहेर नेलं.

माझी पाळी आली. इतकी वर्षं साहेबांपुढे फायली वाचल्या, पण त्या दिवशी कागद दोन्ही हातांनी धरला. "मी मत्थिया. मी पहिल्या बारांत नव्हतो. एक जागा रिकामी झाली म्हणून मला घेतलं. मी कुठे गेलो आणि कसा गेलो ते कोणाला नक्की माहीत नाही." एवढं म्हणून मी बाहेर आलो.

व्हरांड्यात सगळे उभे होते. आतून काकांचा आवाज येत होता. योहान सांगत होता की माझा भाऊ गेला, माझे मित्र गेले, एकेकाची बातमी महिन्यांनी, वर्षांनी आली, आणि मी मात्र जगतच राहिलो. इतका जगलो की लोक मला उचलून सभेत आणू लागले. आवाज थांबल्यावर बराच वेळ काका बाहेर आले नाहीत. मग आले, आणि म्हणाले, "चला, चहा घ्या."

त्यानंतर आमचं खरं बोलणं सुरू झालं. संध्याकाळी ते हाक मारायचे, आणि गुडघे बरे असले तर आम्ही रिक्षाने भाट्याचा समुद्रकिनारा गाठायचो. सुरूच्या झाडांखाली एक सिमेंटचं बाकडं होतं, तिथे बसायचो. ते मला एकेक प्रेषित सांगायचे. कागदावर होतं त्यापेक्षा त्यांना पुष्कळ जास्त ठाऊक होतं. काही लेखी होतं, काही नुसतं लोक सांगत आले तसं, आणि कुठलं कशातलं ते काका दर वेळी स्पष्ट करायचे. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी तसं.

"बर्थलमय," एकदा ते म्हणाले. "त्याची जिवंतपणी कातडी सोलली म्हणतात. ते लांब तिकडे. पण त्याआधी तो हिंदुस्थानात आला होता, आणि काही जाणते लोक म्हणतात, तो कल्याणला उतरला. आपल्या कोकणात."

"कल्याण?"

"तेव्हा मोठं बंदर होतं ते. हे लेखी पक्कं नाही हं. पण मी आपला विचार करतो, गलबत कुठेतरी पाण्याला थांबलं असेल की. जयगडला म्हणा, पूर्णगडला म्हणा. उतरला असेल, कोणी शहाळं दिलं असेल. भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत." ते गुडघा चोळत म्हणाले, "मरण सोपं असेल एक वेळ भाऊसाहेब. पण ते पहिलं उतरणं? मी नगरहून आलो तेव्हा मला इथलं 'काय करताव' सुद्धा कळायचं नाही. सहा महिने मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून एकटा जेवलो."

दुसऱ्या एका संध्याकाळी मी विचारलं, "काका, यातल्या कोणाला बायको नव्हती का?"

"पेत्राला होती. त्याची सासू तापाने आजारी होती, असं लिहिलंय. सासू होती म्हणजे बायको असणारच."

"मग ती कुठे गेली? तो रोमला गेला, तिथे त्याला उलटा क्रूसावर टांगला, हे तुमच्या कागदावर आहे. तिचं काहीच नाही."

कोकणात हा प्रश्न विचारायला धर्म लागत नाही. आमच्या गावात अर्ध्या घरांतले पुरुष मुंबईला. माझ्या आजीने आणि काकूंनी अशीच वर्षं काढली. पुरुष कुठे गेला हे गावाला माहीत असतं, बाई मागे काय करते हे विचारायला कोणी येत नाही.

काका म्हणाले, "एक जुनी गोष्ट आहे. तिला त्याच्या आधी मारायला नेलं, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि तो तिला नावाने हाक मारून म्हणाला, देवाला विसरू नकोस. नावाने हाक मारली असं सांगतात. पण नाव काय ते मात्र कोणी लिहून ठेवलं नाही."

मला एकदम बोलावंसं वाटलं. कोणालाच न सांगितलेलं मी त्या बाकड्यावर सांगितलं. बायकोला कोल्हापूरच्या रुग्णालयात ठेवलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. नर्सने एक इंजेक्शन आणायला सांगितलं. खाली औषधाच्या दुकानात रांग होती. माझा नंबर आला, तर इंजेक्शन तिथे नव्हतं, रस्त्यापलीकडच्या दुकानात होतं. ते घेतलं. मग समोर टपरी दिसली आणि मी एक चहा घेतला. उभ्या उभ्या, घाईतच, पण घेतला. वर गेलो तर पडदा ओढलेला होता. मुलाला मी सांगितलं की मी जवळ होतो.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, की देवाची इच्छा वगैरे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं दवाखान्यात काढली. माणसं बहुतेक तेव्हाच जातात, घरचं कोणी चहाला गेलेलं असतं तेव्हा. रात्ररात्र बसलेली माणसं पाच मिनिटं उठतात आणि तेवढ्यात होतं. का ते मला माहीत नाही. मी त्यांना वर आल्यावर खोटं सांगायचो. शेवटी तुमचं नाव घेतलं म्हणून."

"मला तसं कोणी सांगितलं नाही."

"सांगायला हवं होतं," काका म्हणाले.

अंधारून आलं तसे आम्ही उठलो. रिक्षात मी त्यांना सारिपुत्ताची गोष्ट सांगितली. तथागतांचा थोर शिष्य. मरण जवळ आलंय हे कळल्यावर तो आपल्या म्हाताऱ्या आईच्या घरी गेला. आईला त्याचा हा मार्ग कधीच पटला नव्हता, मुलं भिक्षू झाली म्हणून ती रागावलेली होती. तरी तो गेला, आणि ज्या खोलीत जन्मला होता त्याच खोलीत त्याने प्राण सोडला. आणि दुसरा शिष्य मोग्गल्लान, त्याला मारेकऱ्यांनी हाडं मोडेपर्यंत मारलं.

"अरेच्चा," काका म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडेही आहेच का हे." घर आल्यावर उतरताना ते पुन्हा म्हणाले, "आईकडे गेला, ते बरं केलं त्याने."

पुढच्या वर्षी त्या रविवारी आम्ही सहा होतो. एक कुटुंब पुण्याला गेलं होतं, बँकेतले एक गृहस्थ बदलून गेले. त्याच्या पुढच्या वर्षी चार. फिलिप्प झालेली आजी त्या पावसाळ्यात गेली. नर्सला आखातात नोकरी लागली, जाताना ती थोमाचा कागद काकांच्या हातात देऊन गेली. मग मी थोमा झालो, पेत्र झालो, तद्दय आणि शिमोन झालो. पुढच्या दाराने बाहेर, मागच्या दाराने आत. पहिल्यांदा संकोच वाटला, मग वाटेनासा झाला.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघेच. पाद्रींना ताप होता, ते आलेच नाहीत. काका म्हणाले, आपण करू. मी सात घेतले, त्यांनी पाच. त्यांना आता वळसा घालवत नव्हता, म्हणून ते एक सांगून झालं की डोळे मिटून तिथेच बाकावर थोडं थांबायचे आणि मग दुसरा सुरू करायचे. मी मात्र प्रत्येक वेळी बाहेर जाऊन आलो. मत्थिया सांगून शेवटचा बाहेर पडलो तेव्हा व्हरांड्यात कोणीच नव्हतं. गल्लीत एक माणूस स्कूटर पुसत होता. तो माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा पुसायला लागला. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि आतला आवाज ऐकत राहिलो. काका योहान सांगत होते, आत एकही माणूस नसताना, नेहमीच्याच आवाजात.

आवाज थांबला. मी वाट पाहिली. मग आत गेलो. ते पहिल्या बाकावर बसले होते.

"सगळे गेले का?" त्यांनी विचारलं.

मला नीट कळलं नाही ते कोण म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "गेले."

"मग दार लावून घ्या."

महिन्याभराने ते न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी पुण्याहून आली, ऑपरेशन झालं, आणि मग तिने त्यांना गाडीतून नेलं. निघताना त्यांनी चर्चची किल्ली माझ्या हातात दिली. मुलगी घाईत होती, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसला होता. काका काचेतून म्हणाले, "मागच्या दाराची कडी ढिली आहे. वाऱ्याने उघडते." निरोप म्हणून एवढंच झालं.

फोनवर बोलायचो. पहिल्या फोनला त्यांनी घरासमोरच्या आंब्याचं विचारलं, पाद्रींचं विचारलं. मग बोलणं कमी होत गेलं. मुलीने एकदा व्हिडिओ लावून दिला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मुलीला म्हणाले, "यांना बसायला दे." मी इथे माझ्या खुर्चीत बसलेलोच होतो.

दिवाळी झाली. महिन्याच्या प्रार्थनेला पाद्री आले. मी किल्लीने दार उघडून, झाडून ठेवलं होतं. चार माणसं आली. प्रार्थना संपल्यावर मी पाद्रींना विचारलं, "बारा जणांचं या वर्षी करायचं का?"

ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला. "इच्छा आहे हो. पण करायला कोण आहे?"

मी आहे, असं म्हणता आलं असतं. पण मी त्यांच्यातला नाही, आणि ज्यांच्या शब्दावर मी त्यांच्यात बसत होतो ते इथे नव्हते. मी कुलूप लावून घरी आलो, भात लावला, ताटात वाढून घेतला, आणि जेववेना म्हणून तसाच झाकून ठेवला.

नाताळच्या आधी काका गेले. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी. जावयाचा फोन आला, सगळं उरकल्यावर. "गडबडीत राहून गेलं," तो म्हणाला. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन समोरच्या घराकडे बघत बसलो. मोठं दुःख झालं असं म्हणवत नाही. बायको गेली तेव्हा जे झालं तसं हे नव्हतं. दिवसभर कोणाशी बोललो नाही, आणि संध्याकाळी लक्षात आलं की हे सांगायलाही कोणी नाही. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "कोण कंपाउंडर? हां, समोरचे," आणि मग नातवाच्या परीक्षेचं सांगितलं. त्याची काही चूक नाही.

जानेवारीत त्यांची मुलगी घर आवरायला आली. दोन दिवस ती एकटीच खोकी बांधत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला जेवायला बोलावलं. पन्नाशीची बाई, वडिलांसारखंच रुंद कपाळ. ती केसपेपरांचा तो गठ्ठा घेऊन आली.

"काका, हे काय आहे तुम्हाला माहीत आहे का? बाबांचं अक्षर आहे. मी लहान असताना काहीतरी व्हायचं चर्चमध्ये, पण मी बारावीनंतर गेले ती गेलेच."

मी तिला सांगितलं. जेवण झाल्यावर सांगायला लागलो ते चहाची वेळ झाली तरी सांगत होतो. पेत्र, आंद्रिया, थोमा, कल्याणला उतरलेला बर्थलमय. भाट्यावरचं बाकडं. तिचे बाबा मागच्या दाराने धापा टाकत आत यायचे ते. ते ऐकून ती हसली आणि हसता हसता रडली.

मग तिने विचारलं, "बाबा इथे फार एकटे होते का?"

"संध्याकाळी नसायचे," मी म्हटलं.

ती कागदाच्या कडा सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तिकडे होते. आम्ही दोघंही नोकरीला जायचो. दिवसभर टीव्ही लावून द्यायचो त्यांना." मी तिच्या कपात चहा ओतला. तिने गठ्ठा पिशवीत घातला. एखादा कागद मागावा, निदान त्या चार ओळींचा, असं माझ्या मनात आलं होतं. पण वडिलांचं अक्षर मुलीकडेच असायला हवं. मी मागितलं नाही. संध्याकाळच्या एसटीने ती गेली, खोकी टेम्पोने नंतर गेली.

चर्चची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. पाद्री येतात त्याच्या आदल्या दिवशी मी झाडून घेतो, बाक पुसतो. येणारे आता तीन. भाट्याला मी एकदा एकटा गेलो होतो, बाकड्यावर एक जोडपं बसलेलं होतं. मी तसाच मागे फिरलो.

समोरचं घर मुलीने भाड्याने दिलं. दोन तरुण मुली आल्यात, कुठल्याशा ऑफिसात असतात. सकाळी हेल्मेट घालून जातात, संध्याकाळी येतात. आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यातली एक बादली हातात घेऊन आमच्या दाराशी उभी राहिली.

"काका, इथे पाणी किती वाजता येतं?"

"साडेसहाला," मी म्हटलं. "पण आधी गढूळ येतं. पहिल्या दोन बादल्या सोडून द्यायच्या."

ती थँक्यू म्हणून गेली. मी दार लोटून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.